‘गेले होते’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे

या खेपेलाही निम्मी पत्रं इंग्रजी भूतकाळावरच.

‘डिड यू वेंट?’ चूक का? (लालबाग)
भूतकाळ ‘डिड’मध्ये येऊन गेला. ‘डिड यू गो?’

‘वर्क्ड’चा उच्चार ‘वर्केड’ ना? (मुलुंड)
नाही, ‘वर्क्ट’. ‘इड’ ऐकू येतो तो ‘वॉन्टेड’, ‘नीडेड’सारख्या ट-ड वर संपणाऱ्या क्रियापदांनाच.

‘आय हॅड गॉन टू नाशिक लास्ट वीक’ म्हणाले तर साहेब हसले. मैत्रीण म्हणते, ‘हॅड’ फार जुन्या गोष्टींना लावतात. (बोरिवली)
ही मैत्रीण मला दर महिन्याला भेटते! शिवराज्याभिषेक १६७४चा, तरी इंग्रजीत ‘वॉज क्राउन्ड’ एवढंच पुरतं. जुनेपणाचा इथे काही संबंध नाही. घोळ आपल्या ‘गेले होते’चा आहे. ते ऐकलं की आपल्याला कळतं, बाई जाऊन परतही आल्या. ‘हॅड’ला तो अर्थ नाही. त्याला भूतकाळातलाच दुसरा एखादा क्षण लागतो, ज्याच्या आधी पहिली गोष्ट उरकलेली असते.

दादरचा पूल उतरताय असं समजा. ‘व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे तुम्ही पोचलात आणि डोळ्यांदेखत विरार फास्ट हलली. ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे पोचलात तेव्हा रूळ मोकळे, इंडिकेटरवर पुढची गाडी लागलेली. तुमच्या नाशिकच्या वाक्यात असा दुसरा क्षण कुठे आहे? म्हणून ‘आय वेंट’. ‘आफ्टर’, ‘बिफोर’मुळे क्रम कळत असेल, तर ‘हॅड’ बहुधा गाळलं तरी चालतं. तरीही शंका वाटली तर मागचीपुढची वाक्यं जोडून पाठवा. सुट्या वाक्यावर मी निदान करत नाही.

‘सात दिवसांत बारा काळ’ असा क्लास लावू का? (परळ)
तक्ता पाठ होईल, बोलताना तोंडात येणार नाही. पैसे भरण्याआधी एक तास नुसतं बसू देतात का, विचारा. नाही म्हणाले तर तेच उत्तर समजा.

सोमवारी मुलाखत आहे. मार्चमध्ये सोडलेल्या नोकरीबद्दल ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणू? (घाटकोपर)
पत्र शनिवारी रात्री मिळालं, धन्य आहे! ‘हॅव’मुळे तुम्ही अजून तिथेच आहात असं वाटेल. ‘आय वर्क्ड’ म्हणा. हेच वाक्य व्हिसाच्या अर्जात जाणार असेल, तर आधी जाणत्या माणसाला दाखवा आणि मगच सही करा.