श्वानशर्यत आणि पर्यटक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नोकरीनिमित्त मी काही वर्षांपासून डब्लिनला राहते. या उन्हाळ्यात आई-बाबा आणि सासू-सासरे आमच्याकडे येणार आहेत. एका सहकाऱ्याने सुचवले की, एका संध्याकाळी सगळ्यांना शेल्बर्न पार्कला ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती दाखवाव्यात. तिथे बसल्या जागी जेवण मिळते आणि वयस्कर माणसांना फार चालावेही लागत नाही. माझी एक मैत्रीण मात्र पर्यटकांमध्ये होणाऱ्या या शर्यतींच्या प्रचाराविरुद्धच्या मोहिमेत आहे आणि तिने ‘जाऊ नका’ असे कळकळीने सांगितले. कुत्री तर मनापासून धावताना दिसतात. मग विरोध नेमका कशाला आहे?
— एक वाचक, डब्लिन

उत्तर : कुत्री मनापासून धावतात, हे आपले निरीक्षण खरे आहे. ग्रेहाउंडला धावण्याची ओढ जन्मजात असते. सोलापूर-सांगलीकडच्या माळावर मोकळे सुटलेले कारवानी कुत्रे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आक्षेप धावण्याला नाही. सहा कुत्री एकाच वेळी एकाच वळणाकडे ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने सोडली जातात आणि त्यांतल्या प्रत्येकाचे पुढचे आयुष्य त्या अर्ध्या मिनिटात किती जोरात धावले यावर ठरते, आक्षेप याला आहे.

काचेमागे जेवायला बसलेल्या पाहुण्यांना त्यातले फार थोडे दिसते. पिंजऱ्यांची दारे एकदम उघडतात. लाल, निळे, पांढरे, काळे, नारिंगी आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे अशी सहा जॅकेटे यांत्रिक सशामागे झेपावतात आणि साधारण तीस सेकंदांत सारे संपते. धाव घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असते. त्यामुळे वळणावर कुत्र्याचे शरीर डावीकडे कलते आणि उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर जबर ताण येतो. तिथली लहान हाडे मोडणे ही या शर्यतीतली ठरलेली दुखापत आहे. पहिल्या वळणावर कुत्री एकमेकांवर आदळतात, ते वेगळेच. ब्रिटनमधील शर्यतींच्या नियामक मंडळाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २०२४ या एका वर्षात तिथल्या परवानाधारक धावपट्ट्यांवर १२३ कुत्री मेली. ब्रिटनमध्ये धावणाऱ्या कुत्र्यांपैकी बहुसंख्य आयर्लंडमध्ये जन्मलेली असतात, त्यामुळे हा आकडा आपण राहता त्या देशाशीही जोडलेला आहे.

तरीही दुखापती हा या प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग धावपट्टीपर्यंत कधी पोहोचतच नाही. आयर्लंडमध्ये या व्यवसायाची सूत्रे १९५८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सरकारी मंडळाकडे आहेत. त्या मंडळाने स्वतःच करवून घेतलेल्या २०१७ च्या अहवालात म्हटले होते की, देशात दरवर्षी सुमारे १६,००० ग्रेहाउंड पिल्ले जन्माला येतात आणि पुरेसा वेग नसल्याने दरवर्षी सुमारे ६,००० कुत्री मारली जातात. जून २०१९ मध्ये ‘आरटीई’ या सार्वजनिक दूरचित्रवाणीने हा अहवाल लोकांसमोर आणला आणि देश हादरला. त्याच सुमारास नवा कायदा झाला, पुढे प्रत्येक कुत्र्याची नोंद ठेवणारी प्रणाली आली, आणि व्यवस्थेचे समर्थक त्याचा दाखला देतात, तो द्यावाही. परंतु गरजेपेक्षा जास्त पिल्ले जन्माला घालायची आणि त्यांतून वेगवान तेवढी निवडायची, हा जोवर धंद्याचा पाया आहे, तोवर उरलेल्या पिल्लांचे काय करायचे हा प्रश्न नोंदवहीने सुटत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे. आयर्लंडमधल्या ग्रेहाउंडच्या दोन्ही कानांच्या आतल्या बाजूस हिरवट शाईने अक्षरे गोंदलेली असतात. कुत्रा ओळखता यावा म्हणून ही व्यवस्था आहे, आणि म्हणूनच टाकून दिलेली काही कुत्री कान कापलेल्या अवस्थेत सापडलेली आहेत, कारण कान गेला की मालकाचा माग जातो. निवाऱ्यातल्या एका शांत, उंच कुत्रीचा कान उलटून ती अक्षरे वाचली, तेव्हा तिच्या कानाची कातडी किती पातळ असते हे बोटांना कळले.

आता पर्यटकांचा संबंध. नुसत्या पैज लावणाऱ्यांच्या जिवावर हे मैदान आज भरत नाही. कचेऱ्यांच्या सहली, लग्नाआधीच्या मित्रमंडळींच्या पार्ट्या, क्रीडामंडळांचे निधी उभारण्याचे कार्यक्रम आणि बाहेरून आलेले पाहुणे यांच्यासाठी जेवण, तिकीट आणि पैज अशी एकत्र संध्याकाळ विकली जाते. या व्यवसायाला सरकारी तिजोरीतून २०२५ साली जवळजवळ २ कोटी युरो मिळाले, आणि हा खर्च योग्य ठरवताना ‘पर्यटनाला हातभार’ हे कारण पुढे केले जाते. आपले चार पाहुणे म्हणजे चार जेवणांचे बिल एवढेच नव्हे; ती त्या युक्तिवादातली चार डोकी आहेत. म्हणून आपल्या मैत्रिणीचे ऐकावे, असेच मी सुचवीन. पाहुण्यांना फार चालायला लावायचे नसेल, तर हाउथच्या बंदराकडे आगगाडीने न्यावे. समुद्र आहे, मासळी आहे आणि बसायला बाकही आहेत.

प्रश्न : आमची पुण्यात लहान सहल कंपनी आहे. आयर्लंड-स्कॉटलंडच्या गटांसाठी तिथल्या पुरवठादाराने पाठवलेल्या कार्यक्रमात ‘ऐच्छिक संध्याकाळ’ म्हणून श्वानशर्यत टाकली आहे. आम्हाला ती नको आहे, पण आमच्यासारख्या लहान कंपनीच्या पत्राने तिकडे काय फरक पडणार? आणि अशा मोहिमेत भाग घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी?
— सहल आयोजक, पुणे

उत्तर : सुरुवात त्या पुरवठादारापासूनच करावी, आणि दूरध्वनीवर नव्हे तर लेखी. ‘ऐच्छिक’ हा शब्द इथे सोयीचा असतो, कारण त्यामुळे निवड प्रवाशावर ढकलली जाते. परंतु छापील कार्यक्रमात नाव असणे हीच जाहिरात आहे. आपण पत्रात तीनच गोष्टी लिहाव्यात : हा कार्यक्रम आमच्या पत्रिकेत नको, तो का नको, आणि त्याऐवजी कोणती संध्याकाळ हवी. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि पुरवठादाराला खरी मदत तिचीच होते.

आकडे द्यायचे तर व्यवसायाचे स्वतःचे द्यावेत. २०१७ चा अहवाल खुद्द मंडळाने मागवलेला होता, ही गोष्ट कोणत्याही भीषण छायाचित्रापेक्षा प्रभावी ठरते, कारण ती खोडून काढता येत नाही. कुठून आले ते माहीत नसलेले चित्र पुढे पाठवू नये. एक चित्र दुसऱ्याच देशातले निघाले, तर खरे असलेले सारेही संशयास्पद होते. मैदानावरच्या खिडकीत बसलेल्या मुलीशी किंवा वाढप्याशी वाद घालू नये. त्यांच्या हाती काहीच नसते.

फरक पडतो का, याचे उत्तर घडलेल्या गोष्टींत आहे. २०१९ च्या ‘आरटीई’वरील त्या कार्यक्रमानंतर ‘बॅरीज टी’ ही चहा कंपनी आणि ‘एफबीडी’ विमा कंपनी यांनी प्रायोजकत्व काढून घेतले, आणि परदेशांत देशाची जाहिरात करणाऱ्या ‘टुरिझम आयर्लंड’नेही या शर्यतींचा प्रचार थांबवला. यांपैकी कोणत्याही निर्णयासाठी कायदा बदलावा लागला नाही. लोकांनी विचारले आणि संस्थांना आपले नाव सांभाळावेसे वाटले. हॉटेलांच्या स्वागतकक्षातली माहितीपत्रके, भेटकूपने विकणारी संकेतस्थळे आणि आपल्यासारखे सहल आयोजक हे याच साखळीतले पुढचे दुवे आहेत.

आपल्या व्यवसायाला अधिक जवळचे उदाहरण मकावचे आहे. हाँगकाँग-मकावची सहल महाराष्ट्रातून वर्षानुवर्षे जाते. तिथले ‘कॅनिड्रोम’ हे श्वानशर्यतीचे मैदान पर्यटकांना दाखवण्याच्या ठिकाणांत मोजले जाई. तिथे कुत्री ऑस्ट्रेलियातून विमानाने आणली जात. प्राणिमित्रांनी विमान कंपन्यांकडे सातत्याने तक्रारी केल्या, क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने ही वाहतूक थांबवली, आणि जुलै २०१८ मध्ये मैदान बंद झाले. मागे पाचशेहून अधिक कुत्री उरली, त्यांना घरे शोधण्याचे मोठे काम स्वयंसेवी संस्थांनी केले. मोहिमेने मैदान बंद होण्याच्या दिवसाचाही विचार आधीच करून ठेवावा लागतो, हे मला त्या प्रकरणातून फार ठळकपणे जाणवले.

कायद्याने बंदी आणणे हे त्या त्या देशातील नागरिकांचे काम आहे, आणि ते करत आहेत. फ्लोरिडात २०१८ च्या मतदानात सुमारे ६९ टक्के मतदारांनी शर्यतींविरुद्ध कौल दिला आणि २०२० अखेर तिथली मैदाने थांबली. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये या शर्यती संपवण्याचा निर्णय जाहीर केला. वेल्स सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये तशीच घोषणा केली. आपल्याला तिथे मत नाही. आपल्या पत्रिकेत काय छापायचे, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

प्रश्न : आपल्याकडे बैलगाडा शर्यती राजरोस चालतात. आधी आपले घर सावरावे आणि मग आयरिश लोकांना शिकवावे, असे नाही का वाटत?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : मोजपट्टी एकच असावी, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरवला. मात्र अटी आहेत : धाव एक हजार मीटरपेक्षा जास्त नसावी, बैलाला काठी, चाबूक वा अन्य साधनाने इजा करू नये. त्या अटी जत्रेच्या गर्दीत कितपत पाळल्या जातात, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. नियम मोडताना दिसले तर तहसीलदारांकडे किंवा पोलिसांकडे लेखी तक्रार करावी, आणि गावच्या यात्रेत हे करायला धैर्य लागते याची मला जाणीव आहे.

पण ‘आधी आपले घर’ म्हणून इतरत्र गप्प बसावे, हे मला पटत नाही. डब्लिनला गेलेला मराठी माणूस तिथे शिकवायला गेलेला नसतो. तो तिकीट काढतो की नाही, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न असतो. आणि आयर्लंडमध्येही या विषयावर सर्वांत कष्टाने काम करणारे लोक आयरिशच आहेत. निवृत्त ग्रेहाउंडना घरात ठेवणारी, त्यांच्यासाठी इटली-स्वीडनपर्यंत कुटुंबे शोधणारी, दर महिन्याला पर्यटन कंपन्यांना पत्रे लिहिणारी ही माणसे आहेत. आपल्यापैकी कोणी पर्यटन कंपनीला पत्र पाठवले, तर त्याची प्रत त्यांनाही द्यावी. परदेशातून आलेली चार पत्रे जोडली की त्यांचा पुढचा अर्ज अधिकाऱ्यांच्या टेबलावर जास्त वेळ राहतो.