मिडसाइज पिकअप वापरणारे तीच गाडी परत घेतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिडसाइज पिकअप (मागे उघडा हौदा असलेली मध्यम आकाराची गाडी) असलेले लोक तीच गाडी परत घेतील का? वापरही तुम्ही सांगितलाय. रोजचं दहा-बारा किलोमीटर शहरातलं धावणं, महिन्यातून एकदोनदा सामान, वर्षातून तीन-चार वेळा ‘साधारण दोन टनांचा’ ट्रेलर. डोळ्यासमोर आहे डबल कॅब (दोन ओळी सीट, चार दारं), डिझेल, फोर व्हील.

मी परत घेईन. पण माझ्या गाडीचा हौदा आठवड्यातले चार दिवस भरलेला असतो, तेव्हा माझ्या होकारावर तुम्ही जाऊ नका. या गाड्यांच्या बाबतीत समाधान कंपनीच्या नावापेक्षा हौदा किती वापरला जातो यावर जास्त ठरतं. जे नाखूश दिसतात त्यांतल्या बऱ्याच जणांनी गाडी ठीक निवडलेली असते, पण कॅब, हौद्याची लांबी किंवा इंजिन आपल्या कामाला न जुळणारं घेतलेलं असतं.

दुसरं, मालकाला हा प्रश्न कधी विचारताय तेही बघा. पहिल्या वर्षी सगळेच हो म्हणतात. टायरचा दुसरा सेट, मागचे ब्रेक आणि निदान एकदा पुढच्या सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबर) बदलून झालेल्या माणसाला विचारा, म्हणजे ७०-८० हजार किमीनंतर. आणि त्यातही ‘विकताना चांगले पैसे आले’ हे कारण बाजूला काढा. टोयोटाच्या टॅकोमा, हायलक्ससारख्या गाड्या किंमत धरून ठेवतात हे खरंय, पण त्याचा गाडीत बसण्याच्या सुखाशी संबंध नाही.

मतं गोळा करताना एक गोष्ट उपयोगी पडेल: यातल्या काही गाड्या नावाने दोन, आतून एकच आहेत. २०२० पासूनची माझदा बीटी-५० ही इसुझू डी-मॅक्सच्या सांगाड्यावर आहे, २०२२ ची नवी फोक्सवॅगन अमारोक फोर्ड रेंजरच्या. शेवरले कोलोराडो आणि जीएमसी कॅन्यन तर जुळ्याच. उलट हायलक्स आणि टॅकोमा एकाच कंपनीच्या असूनही वेगळ्या गाड्या आहेत, एकीचा अनुभव दुसरीला लावू नका.

आता तक्रारींकडे येतो.

रिकामी गाडी उडते. बहुतेक ठिकाणी विकल्या जाणाऱ्या पिकअपला मागे एक टनाच्या आसपास माल पेलणारे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) असतात. रिकाम्या हौद्याखाली ते जवळजवळ हलतच नाहीत. गतिरोधकावर मागची बाजू उसळते, ओल्या वळणावर मागची चाकं पटकन सुटतात. मागच्या सीटची पाठ कॅबच्या भिंतीला टेकलेली असल्यामुळे सरळ उभी असते, आणि ही तक्रार घरातली माणसं करतात, चालवणारा नाही. टेस्ट ड्राइव्हला अर्धा तास मागे बसून या, खराब रस्त्यावर. टायरमधली हवा दारावरच्या पट्टीप्रमाणे ठेवली तर थोडा फरक पडतो. बऱ्याच गाड्यांवर रिकामी आणि भरलेली असे दोन वेगळे आकडे दिलेले असतात, आणि लोक बाराही महिने भरलेल्याचा आकडा ठेवून चालवतात. मागच्या ॲक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या आसाच्या) बरोबर वर शंभर-दीडशे किलो वाळूच्या गोण्या ठेवल्या की गाडी बसते, पण मग इंधनही त्या गोण्यांसाठी जाळायचं. निसान नवाराच्या २०१४-१५ नंतरच्या डबल कॅबला बऱ्याच बाजारांत मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत. रिकामी चालवायला ती मऊ वाटते, पण पूर्ण भरल्यावर मागून खाली बसते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वजनाच्या हिशेबात. इथे थांबून कागद-पेन्सिल घ्याच. समजा गाडीचं मंजूर एकूण वजन ३,०५० किलो आणि रिकामं वजन २,०८० किलो. हातात राहिले ९७० किलो. त्यातून हौद्यावरची फायबरची कॅनोपी (झाकण) ८०, पुढचा लोखंडी बंपर ५५, ट्रेलरचा हूक आणि त्याची चौकट ३५, हौद्याचं प्लॅस्टिक अस्तर २० वजा करा: उरले ७८०. चार माणसं बसवली की आणखी ३०० गेले. ‘एक टनाची’ गाडी ४८० किलोवर आली, अजून हौद्यात काहीच ठेवलेलं नाही.

ट्रेलर जोडल्यावर चित्र आणखी आवळतं. जाहिरातीत ३,५०० किलो ओढते असं ठळक लिहिलेलं असतं, पण गाडी आणि ट्रेलर मिळूनची एक वेगळी मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. ती समजा ५,९०० किलो आहे. ट्रेलर ३,५०० चा जोडला की गाडीला उरले २,४००. त्यातून रिकाम्या गाडीचे २,०८० काढले की ३२०. वरच्या ॲक्सेसरीजचे १९० काढा, राहिले १३०. म्हणजे दोन माणसं जेमतेम, तीही हौदा रिकामा ठेवून. शिवाय ट्रेलरच्या साधारण १० टक्के वजन हुकावर येतं, ते ॲक्सलच्या मागे लोंबतं, पुढची चाकं हलकी करतं आणि मागच्या ॲक्सलच्या मर्यादेत मोजलं जातं.

मागून गाडी बसते म्हणून लोक पाटे आणि चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) यांच्या मध्ये एअरबॅग (हवा भरायच्या रबरी पिशव्या) टाकतात. हा उपाय जपून करायचा आहे. पाटा आपलं वजन चासीवर दोन ठिकाणी देतो, पुढच्या आणि मागच्या टोकाला. एअरबॅग फुगवली की तो भार ॲक्सलच्या वर एकाच बिंदूत एकवटतो. मागे जड ट्रेलर किंवा ॲक्सलच्या मागे ठेवलेला माल असेल आणि गाडी खड्ड्यात आपटली, तर चासी कॅब आणि हौद्याच्या मधल्या फटीपाशी वाकते. जुनी गाडी बघताना ती फट नीट पाहा. वर आणि खाली सारखी रुंद हवी. वर रुंद आणि खाली बारीक असेल, किंवा उलट, तर बाकी काही न बघता परत या. कायम जड काम असेल तर वजनाला जुळणारे वाढीव पाटे बसवून घेणं बरं.

डिझेलबद्दल. तुमच्या वापरात खरी अडचण हीच आहे. नव्या डिझेलला सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. दर काही शे किलोमीटरला तो आपली काजळी जाळून मोकळा होतो. त्यासाठी आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं, म्हणून इंजिन उशिरा जास्तीचं डिझेल फवारतं. हे काम पूर्ण व्हायला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने गाडी चालली पाहिजे. दहा किलोमीटरच्या फेरीत इंजिन नुकतं तापतं तेवढ्यात तुम्ही चावी काढता. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक जाळणीत थोडं डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये जातं. ऑइल कमी होण्याऐवजी वाढायला लागतं. डिपस्टिक बाहेर काढली की पातळी वरच्या खुणेच्या पुढे दिसते, ऑइल बोटाला पातळ लागतं आणि वासाला डिझेल येतं. असं दिसलं की बदलायची तारीख बघत बसू नका, लगेच बदला, आणि डीपीएफला चालणारं कमी राखेचंच ऑइल घाला.

जाळणी सुरू आहे हे ओळखता येतं: गाडी उभी असताना आरपीएम नेहमीपेक्षा जरा वर, पंखा मोठ्याने फिरतोय, खालून गरम धातूचा वास, ॲव्हरेजचा आकडा अचानक पडलेला. अशा वेळी आणखी वीस मिनिटं फिरवून मग बंद करा. वारंवार तोडली की दिवा लागतो, मग गाडी ताकद कापते, मग स्कॅनर लावून सक्तीची जाळणी, आणि शेवटी फिल्टरच बदलावा लागतो. हे चालवणाऱ्याच्या चुकीनेच होतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ नंतरच्या काही टोयोटा डिझेलच्या डीपीएफवरून मालकांनी एकत्र खटला भरला होता. त्या गाड्यांना हाताने जाळणी सुरू करायचं बटणही देण्यात आलं.

तेव्हा रोज दहा-बारा किलोमीटर असेल तर पेट्रोल बघा. व्ही-सिक्स पेट्रोल लिटरला आठ-नऊ किमी देईल, त्याच आकाराचं डिझेल दहा ते बारा. फरक आहे, पण एका डीपीएफच्या खर्चापुढे तो लहान ठरतो. पेट्रोल मिळतच नसेल तर आठवड्यातून एकदा हमरस्त्यावर अर्धा तास, न चुकता.

फोर व्हीलविषयी थोडक्यात. यातल्या बहुतेक गाड्यांची फोर व्हील ‘लागेल तेव्हा’ लावायची असते, मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) नसतो. कोरड्या डांबरावर ती लावून वळलात तर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ भरतो, स्टिअरिंग जड होतं आणि लीव्हर परत टू व्हीलमध्ये येत नाही. गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्या, पीळ सुटतो. पावसात पक्क्या रस्त्यावर फोर व्हील हवी असेल तर मध्ये डिफरन्शियल असलेली यंत्रणा शोधा. मित्सुबिशीच्या सुपर सिलेक्टमध्ये ती आहे. गरज नसली तरी महिन्यातून एकदा मातीवर चार-पाच किमी फोर व्हील लावा, नाहीतर ऐन चिखलात ती लागायची नाही.

हौद्याची लांबी लोक कॅटलॉगमध्ये वाचतात, मोजत नाहीत. डबल कॅबचा हौदा साधारण दीड मीटर. आठ बाय चारचं प्लायवुड, म्हणजे २.४४ मीटर, फाळका उघडला तरी चाळीसेक सेंटिमीटर बाहेर लोंबतं. चाकांच्या कमानींमधली जागाही बऱ्याच गाड्यांत १.१ मीटरच्या आसपास असते, त्यामुळे शीट सपाट बसत नाही, कमानींवर टेकतं. नव्या रेंजरमध्ये ती १.२२ मीटर केलीय, हा छोटा बदल मला कुठल्याही टचस्क्रीनपेक्षा मोलाचा वाटतो. सामान लांब असेल तर दीड कॅब (मागे जेमतेम जागा) किंवा सिंगल कॅब (सीटची एकच ओळ). गाडी ५.३ मीटर लांब आहे आणि वळायला १२-१३ मीटर घेते, हे पार्किंगमध्ये रोज आठवतं.

जुनी घेणार असाल तर गाडीखाली झोपल्याशिवाय पैसे देऊ नका. पाट्याचं पुढचं टोक जिथे चासीला धरलंय तिथे चिखल साठतो, तिथूनच गंज आत जातो. हातोडीने हलके ठोका, खणखणीत आवाज हवा, भदभदीत नको. अमेरिकेत मुख्यतः २००५ ते २०१० च्या टॅकोमांच्या चासी गंजल्यामुळे २०१६ मध्ये टोयोटाला मोठी तडजोड करावी लागली, आणि तरीही ती गाडी ‘परत घेईन’ म्हणणाऱ्यांच्या यादीत वरच असते. त्याच काळातल्या ऑटोमॅटिक निसान फ्रंटियरमध्ये रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये जायचं. गिअरबॉक्सचं ऑइल गुलाबी दुधाळ दिसलं तर गिअरबॉक्स गेला समजा. कुठलीही गाडी असो, ॲक्सलवरच्या डिफरन्शियलचा नट ढिला करून ऑइल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, ब्रीदर (हवा जाण्या-येण्याची नळी) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढून घेतो. स्टेपनी खाली उतरवून बघा. तिची साखळी वर्षानुवर्षं कोणी फिरवलेली नसते, गंजून अडकते, आणि हे पंक्चर झाल्यावरच कळतं. सहा महिन्यांतून एकदा उतरवून ग्रीस लावलं की झालं.

तुमच्या वापराला मी चासीवरची डिझेल डबल कॅब सुचवणार नाही. मिळत असेल तर होंडा रिजलाइनसारखी मोनोकॉक (वेगळी चासी नसलेली, कारसारख्या एकसंध बांधणीची) पेट्रोल पिकअप बघा. मागेही स्वतंत्र सस्पेन्शन, हौद्याच्या तळाशी कुलपाची डिकी, आणि सुमारे २,२७० किलो ओढायची क्षमता. लो गिअर (चढ-चिखलासाठीचा हळू, जास्त ताकदीचा) नाही, पण तुमच्या यादीत तो लागेल असं काही दिसत नाही. ती मिळत नसेल तर मोठी एसयूव्ही आणि महिन्यातल्या त्या दोन दिवसांसाठी छोटा ट्रेलर.

फक्त ते ‘साधारण दोन टन’ आधी वजनकाट्यावर नेऊन पक्कं करा, पाण्याची टाकी, गॅस, सामान सगळं भरून. २,२७० ची गाडी घेतली आणि काट्यावर २,६०० निघाले, तर रिजलाइन यादीतून गेली आणि वरचा सगळा हिशेब ३,५०० च्या गाडीपासून परत मांडायला लागेल.