रीगाला यायचंय? आधी लॅटव्हियन शीक

तू विचारलंयस, संस्कृतमध्ये एमए झालंय, बाल्टिक, म्हणजे लॅटव्हियन-लिथुएनियन, भाषा आणि लोकसाहित्यात पीएचडी करायला लॅटव्हियातलं रीगा बरं की लिथुएनियातलं विल्नियस, इंग्रजीवर भागेल का, आणि पुढे नोकरी लागते का. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते.

नोकऱ्या फार थोड्या आहेत. अख्ख्या लॅटव्हियाची वस्ती पुणे शहराहून कमी. देशाबाहेर ग्राइफ्सवाल्ड, स्टॉकहोम, सिएटल अशा मोजक्या विद्यापीठांत हा विषय शिकवतात, आणि तिथे जागा निघायची तर आधी कुणीतरी निवृत्त व्हावं लागतं. मी सहा वर्षं प्रकल्पामागून प्रकल्प करत काढली, मधल्या काळात भाषांतरांवर भाडं भरलं. घरी हे आधी सांगून ठेव. ‘पीएचडी झाली, आता कायम कधी?’ हा प्रश्न दर दिवाळीला फोनवर येतो.

संस्कृतचं सांगते. लिथुएनियनमध्ये मुलगा ‘सूनुस’, धूर ‘दूमास’, विस्तव ‘उग्निस’, म्हणजे आपले सूनु, धूम, अग्नि. आपल्याला हे बघून भरून येतं. पण इथल्या लोकांना ते पाठ आहे गं. श्लायखर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाचं लिथुएनियन व्याकरण १८५६चं, आणि आपल्याकडे भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चॅटर्जींनी बाल्ट (बाल्टिक भाषा बोलणारे लोक) आणि आर्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यालाही पन्नासहून जास्त वर्षं झाली. नुसती शब्दांची जोडी दाखवून प्रवेश मिळत नाही. स्वराघात, जुने ग्रंथ, ध्वनिबदल यांत शिरायचं असेल तर विल्नियसला जा. तिथलं विद्यापीठ १५७९चं, ‘बाल्टिस्टिका’ हे नियतकालिकही तिथलंच. शेजारची एस्टोनियन मात्र बाल्टिक कुटुंबातली नव्हे, ती फिनिशची बहीण. मुलाखतीत हे चुकू नकोस.

तुझ्या पत्रात आजीच्या ओव्यांच्या वहीचा उल्लेख आहे, म्हणून मी रीगा म्हणेन. इथे राष्ट्रीय ग्रंथालयात दाइनांचं कपाट आहे. दाइना म्हणजे चार ओळींचं लोकगीत. क्रिश्यानिस बारोन्स यांनी १८८०मध्ये मॉस्कोत हे कपाट करून घेतलं. सत्तर खण, आत बसच्या जुन्या तिकिटाएवढ्या अडीच लाखांहून जास्त चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एक गाणं. त्यातून १८९४ ते १९१५ या काळात छापलेल्या खंडांत २,१७,९९६ गाणी आली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दळणाच्या गाण्यांपाशीच अडकले. तिथेही पोरकी मुलगी सूर्याला, म्हणजे ‘साउले’ला, आई म्हणते. साउले बाई आहे, चंद्र पुरुष.

आता गंमत बघ. बारोन्स यांच्या चिठ्ठ्यांवर फक्त शब्द आहेत, चाली नाहीत. त्या दुसऱ्यांनी वेगळ्या गोळा केल्या. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यांतल्या कितीतरी बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित आहेत. गाणं कागदावर उतरलं की काय हरवतं, हा प्रश्न दोन्हीकडचा माल हातात असणाऱ्याने विचारायला हवा. असा माणूस इथे मला तरी भेटलेला नाही. प्रस्ताव यावर लिही, ‘संस्कृत व लॅटव्हियन: एक तुलना’ यावर नको.

इंग्रजीवर भागेल का? दुकानात, बसमध्ये भागतं. अभिलेखागारात नाही. हस्तलिखितं, टिपणं, जुने लेख, सगळं लॅटव्हियनमध्ये. कायमच्या जागेसाठीही ती लागतेच. पण आपल्याला काही गोष्टी फुकट मिळतात. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे ‘मन इर दिवि ब्राल्यि’: तोच ‘मला’, तोच ‘आहे’. आणि ऐकीव गोष्टीसाठी क्रियापदाचं वेगळंच रूप आहे, आपल्या ‘म्हणे’सारखं. वर्गातली जर्मन मुलं त्यावर डोकं आपटत होती, मी निवांत बसले होते. विशेषणांची दोन-दोन रूपं आली तेव्हा मात्र माझी पाळी होती.

म्हणून एकदम पीएचडीला अर्ज करू नकोस. आधी उन्हाळी शाळा कर. लॅटव्हिया सरकारच्या शिष्यवृत्त्या त्यासाठीही असतात, त्या वर्षीच्या जाहिरातीत भारत आहे का ते पाहून घे. मार्गदर्शकाला पत्र लिहिताना दोन परिच्छेद मोडक्यातोडक्या लॅटव्हियनमध्ये लिही. माझ्या पहिल्या तीन इंग्रजी पत्रांना कुणी उत्तर दिलं नव्हतं, चौथं चुकांनी भरलेलं होतं आणि त्याला दुसऱ्याच दिवशी आलं. पदवीच्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे ते परदेशात चालावेत म्हणूनचा सरकारी शिक्का, आताच करून ठेव, मी ते विसरले आणि अख्खी सहामाही हुकली.

डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेसात तासांचा असतो. पहिल्या हिवाळ्यात मी दुपारी चारला दिवे लावून रडायचे, खोटं कशाला बोलू. जूनमध्ये मात्र यानींच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाच्या, रात्री कुणी झोपत नाही, डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट, हातात शहाजिऱ्यासारखी चव असलेलं चीज. जमलं तर पहिल्यांदा जूनमध्येच ये. आणि जाड कोट तिकडून आणू नकोस, तिथले इथल्या थंडीत कुचकामी. बॅगेत ती जागा वहीला ठेव.