मोठा प्लेयर नसलेला माणूस चांगला कोच होऊ शकतो का? रँको पोपोविचबद्दल काय मत आहे?

तुम्ही विचारलंय की जो स्वतः स्टार प्लेयर नव्हता तो चांगला कोच होतो का, आणि नाव घेतलंय आमच्या एफसी पुणे सिटीच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या पुण्याच्या टीमच्या, २०१७-१८ च्या कोचचं, रँको पोपोविचचं. होतो. शंभर टक्के होतो. पण पोपोविच अगदीच कोणी नव्हता असं समजू नका, हा सर्बियन डिफेंडर १९९८ आणि १९९९ ला ऑस्ट्रियाची लीग जिंकणाऱ्या स्टुर्म ग्राझमधे होता आणि तिथे कोच होते युगोस्लाव्हियाच्या नॅशनल टीमचे माजी कोच इविका ओसिम. असल्या माणसाच्या हाताखाली खेळलं की डोकं तयार होतं.

मला मात्र बालेवाडीची मुंबईविरुद्धची मॅच आठवली, नोव्हेंबर २०१७ ची. शेजारी आमच्या मैदानावरच्या क्लबच्या कमिटीतले एक काका बसलेले. त्याच वर्षी त्यांनी अंडर-१५ ची टीम माझ्याकडून काढून संतोष ट्रॉफी खेळलेल्या एकाला दिली होती, कारण काय तर "तू महाराष्ट्राकडून कधी खेळलास?" पोरांना मागून पास करत बॉल वर न्यायची सवय मी लावली त्याबद्दल चकार शब्द नाही. मुंबईने पहिला गोल मारला तसे काका सुरू झाले, हा बाबा नुसता टचलाइनवर हातवारे करतोय, याने स्वतः काय दिवे लावलेत. मी म्हटलं काका टीम बघा ना, मागे पडलीय तरी घाबरून खेळत नाहीये, हे कोणी शिकवलं? मग आमच्या अल्फारोची पेनल्टी, आणि इंज्युरी टाइममधे परत अल्फारोच, २-१, अख्खं स्टँड उभं राहिलं आणि काका म्हणतात "नशीब".

नशीब कसलं? आधीच्याच मॅचला कोलकात्यात जाऊन एटीकेला ४-१ हरवलं होतं, पुढे नॉर्थईस्टला ५-०, मार्सेलिन्योची हॅटट्रिक, ३० पॉइंट घेऊन चौथा नंबर आणि क्लबची पहिलीच सेमीफायनल. तिथे बंगळुरूने काढलं, इथे ०-० आणि तिकडे ३-१, छेत्रीने एकट्याने तीन मारले, ते अजून टोचतं. पण आधीचा कोच हबास सीझनच्या तोंडावर गेल्यावर सप्टेंबरमधे आलेल्या माणसाने एवढं केलं!

आणि हे फक्त पुण्यातच नाही. जपानमधे त्याने माचिदा झेल्विया क्लबला जे२ मधे, म्हणजे तिथल्या दुसऱ्या डिव्हिजनमधे चढवलं. २०१५ ला तो कोच असताना स्पेनची झारागोझा वरच्या लीगमधे चढायच्या प्लेऑफमधे जिरोनाकडून घरच्या मैदानावर ०-३ हरली होती, त्यांच्याकडे जाऊन ४-१ जिंकून आली. फायनलला लास पाल्मासकडून अवे गोलवर गेली ते सोडा, पण तीन गोलने मार खाल्लेल्या टीमला पुन्हा उभी करायला कोचच लागतो, त्याच्या कपाटातल्या मेडल्सचा तिथे काय उपयोग?

आता हेही सांगतो, माणूस तापट होता, रेफरींवर बोलला म्हणून फेडरेशनने बंदी घातली, त्यात टीमचंच नुकसान. आणि मोठा प्लेयर वरच्या खुर्चीत बसला तर वाईटच असंही नाही, ड्रॅगन झायिच बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबचा केवढा मोठा खेळाडू, पुढे त्याच क्लबचा डायरेक्टर झाला आणि १९९१ ला युरोपियन कप आला. आपल्याकडे नेमकी तीच खुर्ची रिकामी असते. पोपोविच गेला, मिगेल आंगेल पोर्तुगाल नावाचा कोच आला, मग फिल ब्राउन, आणि २०१९ ला क्लबच बंद, जागा हैदराबादला. कोच बदलला तरी खेळायची पद्धत टिकवेल असा फुटबॉल कळणारा माणूस वर नसेल तर दुसरं काय होणार.

तुम्हाला स्वतःला कोचिंगमधे यायचं असेल (प्रश्नावरून तसंच वाटतंय) तर फेडरेशनचा डी लायसन्स कोर्स करा आणि लहान पोरांची टीम घ्या. कमिटीने कुठून खेळलास विचारलं तर म्हणावं, रविवारी सकाळी मैदानावर या आणि माझी पोरं कशी खेळतात ते बघा. आमचे काका अजून आलेले नाहीत.