मानपत्रात 'सिंगर बाय बर्थ' नको

घोडबंदर रोडच्या सोसायटीत अमराठी सभासद बरेच, म्हणून काकूंचं मानपत्र इंग्रजीत, आणि त्यात 'शी इज अ सिंगर बाय बर्थ, सिंगिंग इज हर गॉड गिफ्ट' हे वाक्य चालेल का, असं तुम्ही विचारलंय. बोलताना खपून जाईल, पण फ्रेम करून भिंतीवर लागणाऱ्या कागदावर नको.

'बाय बर्थ' लागतं ते जन्माने मिळालेल्या ओळखीला, जसं 'इंडियन बाय बर्थ'. गाण्याला 'अ बॉर्न सिंगर' म्हणा. त्यातला 'अ' हमखास गळतो, तेवढा सांभाळा. 'इनबॉर्न' गुणाला जोडतात, माणसाला नाही: 'इनबॉर्न टॅलेंट' बरोबर, 'इनबॉर्न सिंगर' चूक. 'गॉड गिफ्ट'ऐवजी 'अ गॉड-गिव्हन व्हॉइस', किंवा साधं 'अ गिफ्ट फॉर म्युझिक'. गिफ्ट आणि टॅलेंट, दोन्हींपुढे इथे 'फॉर' येतो. 'संगीताची देणगी' डोक्यात असल्यामुळे आपण 'ऑफ' लावून मोकळे होतो. 'शी इज अ नॅचरल' सूत्रसंचालकाच्या तोंडी छान वाटेल, मानपत्रात मात्र हलकं पडतं.

'प्रॉडिजी' लहान मुलांसाठी. 'नॅक' म्हणजे हातोटी. सभेत भांडणं मिटवणाऱ्या सेक्रेटरींना शोभेल, ख्याल गाणाऱ्या बाईंना तोकडा पडतो. सुरेल या अर्थाने 'परफेक्ट पिच' तर मुळीच नको. कुठलाही आधारस्वर न ऐकता कानावर पडलेला स्वर अचूक ओळखणं, ही ती वेगळीच क्षमता. 'अ फाइन इअर फॉर म्युझिक' लिहा. 'इट रन्स इन द फॅमिली' घरात आणखी कोणी गाणारं असेल तरच.

खरी गडबड काळात होते. 'शी इज सिंगिंग सिन्स चाइल्डहूड' नाही, 'शी हॅज बीन सिंगिंग सिन्स चाइल्डहूड'. आयुष्यभर गात आल्या, हे त्या 'हॅज बीन'मधूनच कळतं. मराठीत 'लहानपणापासून' आणि 'चाळीस वर्षांपासून' दोन्हीकडे 'पासून', म्हणून 'सिन्स फॉर्टी इयर्स' सहज लिहिलं जातं. सुरुवात सांगायची तर 'सिन्स', मुदत सांगायची तर 'फॉर फॉर्टी इयर्स'. 'लाइफलाँग टॅलेंट'ही टाळा. 'लाइफलाँग' शोभतो 'डिव्होशन'ला.

आणि नुसती देणगी लिहून थांबू नका. इतकी वर्षं तानपुरा लावून बसलेल्या बाईंचं सगळं श्रेय जन्माला देणं बरं नाही. दोन्ही एका वाक्यात बसतं: 'अ बॉर्न सिंगर विथ अ फाइन इअर फॉर म्युझिक, शी हॅज बीन परफॉर्मिंग सिन्स द एज ऑफ नाइन अँड स्टिल डज हर रियाझ एव्हरी मॉर्निंग.' नऊच्या जागी काकूंना विचारून खरं वय घाला, आणि रियाझ रोजचा नसेल तर 'एव्हरी मॉर्निंग' काढून टाका.