डॅलसला येताय, आणि बंदुकीची धास्ती आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर पुण्याहून डॅलसजवळच्या फ्रिस्कोला पाठवतेय, बायको आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर येणार. टेक्सासात म्हणे कुणीही विनापरवाना पिस्तूल लावून फिरतं. मग तिथे राहायचं कसं, आणि सगळ्यांकडे असेल तर आपणही एक घेऊन ठेवावं का?

शेवटचं आधी सांगते, कारण तिथे चूक झाली तर बाकीचे प्रश्न विचारायला तुम्ही इथे उरणार नाही. घ्यायचं नाही. टेक्सास कितीही सैल असो, तुमच्यावर चालतो तो फेडरल कायदा, म्हणजे अख्ख्या देशाचा. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, एक काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. पत्नीला एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर ईएडी, म्हणजे नोकरी करायची परवानगी मिळाली, तरी ती व्हिसावरच असते. २०२२ पासून या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि शिक्षा झाली की पाठोपाठ हद्दपारी. ग्रीन कार्ड मिळालं की ही बंदी उठते. आपल्या लोकांची ग्रीन कार्डाची रांग तुम्हाला ठाऊक आहेच, म्हणजे मुलगी कॉलेजात जाईपर्यंत तरी हा विषय बंद समजा.

‘अरे, शिकारीचं लायसन्स काढ, मग चालतं,’ असं सांगणारा एक तरी दादा तुम्हाला पहिल्याच पॉटलकला, म्हणजे ज्याने-त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला भेटेल. तो थाप मारत नाही, कायद्यात तशी सूट खरंच आहे. पण टेक्सासचं शिकारीचं लायसन्स दरवर्षी ३१ ऑगस्टला संपतं आणि त्याबरोबर सूटही संपते. शिवाय नोकरी गेली, मुदत उलटली आणि तुम्ही व्हिसाबाहेर पडलात, तर ते लायसन्स काही वाचवत नाही. इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. दादाचा सल्ला फुकट असतो, आणि तुरुंगात दादा येत नाही.

ऑफिसची टीम एखाद्या शुक्रवारी शूटिंग रेंजवर जाईल, तेव्हा तुम्ही बाहेर बसून कॉफी प्या. हा माझा भित्रेपणा वाटेल, म्हणून रिहेफ खटला सांगते. अमिरातीतून विद्यार्थी व्हिसावर फ्लोरिडात आलेला हा मुलगा. अभ्यासात मागे पडला, विद्यापीठाने काढलं, व्हिसा गेला, तरी तो राहिला. एक दिवस रेंजवर जाऊन त्याने दोन बंदुका चालवून पाहिल्या आणि त्यावरून त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला, की आपला व्हिसा संपलाय हे त्याला ठाऊक होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं. मुद्दा जिंकला, पण तोवर त्याची किती वर्षं गेली! त्याला लागू झालेलं कलम व्हिसाबाहेरच्यांचं होतं, तुमचं शेजारचं आहे. एवढ्या फरकावर मी तरी माझं कुटुंब लावणार नाही.

आता टेक्सासकडे वळू. मी सावंतवाडीकडची. आमच्याकडे वानर आणि रानडुकरांपायी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक ठेवतात. आजोबांची ठासणीची होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायची. बंदूक हवी तर का हवी हे सरकारला पटवायचं, सरकार मागेल तेव्हा खाली ठेवायची, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. इथे गणित उलटं आहे. बाळगणं हा हक्क, आणि नाही म्हणायचं असेल तर कारण सरकारने द्यायचं. हे एकदा डोक्यात बसलं की इथले कायदे विचित्र वाटले तरी निदान कळू लागतात.

तरी टेक्सास पहिल्यापासून इतका मोकळा नव्हता. १९९५ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश गव्हर्नर असताना पिस्तूल कपड्याआड लपवून बाळगायचा परवाना देणारा कायदा झाला, परवाने १९९६ पासून सुरू झाले. दिसेल असं कमरेला लावायची मुभा परवानाधारकांना २०१६ मध्ये मिळाली. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला पिस्तुलासाठी परवानाच लागत नाही. ‘कायद्याने बंदी नसलेल्या’ हे शब्द लोक गाळतात. त्या बंदीच्या यादीत फेडरल कायद्याने मना केलेले सगळे येतात, म्हणजे तुम्हीही.

परवाना रद्द मात्र झालेला नाही. ४० डॉलर भरून, काही तासांचा वर्ग आणि नेमबाजीची परीक्षा देऊन लोक तो अजून काढतात, कारण तो इतर अनेक राज्यांत चालतो आणि नवी बंदूक घेताना दुकानातली तपासणी टळते. उद्या कंपनीने तुम्हाला एडिसनला हलवलं, तर न्यू जर्सीत सगळंच वेगळं: घ्यायला वेगळा परवाना, बाळगायला वेगळा. राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो.

शहराची हद्द ओलांडली तर मात्र बदलत नाही. आपल्याकडे सणवार आले की जिल्ह्यात कलम ३७ लागू होतं, शस्त्रबंदीचा आदेश पेपरात येतो. फ्रिस्को किंवा डॅलसच्या महापौरांना तशी सोय नाही. बंदूक बाळगण्याविषयी शहरांनी स्वतःचे नियम करायचे नाहीत, असा राज्याचा कायदाच आहे. शहराच्या हातात मुख्यतः एवढंच, की वस्तीत गोळी झाडू नका म्हणायचं. याची गंमत २०२४ मध्ये बघायला मिळाली. डॅलसची स्टेट फेअर म्हणजे इथली जत्राच, आपली माणसंही मुलांना घेऊन हौसेने जातात. २०२३ च्या जत्रेत गोळीबार होऊन तिघे जखमी झाले, म्हणून आयोजकांनी पुढच्या वर्षी बंदुकांना बंदी घातली. तर राज्याच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलांनी, शहरावर आणि आयोजकांवर दावा ठोकला: मैदान शहराच्या मालकीचं, मग बंदी कशी? आयोजक म्हणाले, आम्ही खासगी संस्था, मैदान भाड्याने घेतलंय. प्रकरण टेक्सासच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. जत्रा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कोर्टाने हस्तक्षेप नाकारला आणि बंदी टिकली.

यावरून रोजच्या कामाची गोष्ट कळते. इथे खरी सत्ता जागेच्या मालकाची, आणि तो ती दारावरच्या पाटीने चालवतो. दुकानांच्या काचांवर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लांबलचक मजकूर दिसेल, अक्षरं निदान एक इंचाची. त्यात ३०.०५, ३०.०६, ३०.०७ असे आकडे असतात. पहिला विनापरवाना बाळगणाऱ्यांना, दुसरा परवान्यावर लपवून बाळगणाऱ्यांना आणि तिसरा परवान्यावर उघड बाळगणाऱ्यांना मज्जाव करतो. तिन्ही लागले तर जागा बऱ्यापैकी बंद समजा. मोठा लाल ‘५१%’ दिसला तर ते ठिकाण निम्म्याहून जास्त तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूवर चालतं. तिथे पिस्तुलाला सरसकट बंदी. शाळा, न्यायालयं, मतदान केंद्रं, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग इथे पाटी असो-नसो, मनाई आहे. २०१९ पासून प्रार्थनास्थळांनाही बंदी हवी तर सांगावी लागते, म्हणून आमच्या देवळाच्या दारात ‘चपला इथे काढा’च्या शेजारीच ती भलीमोठी पाटी आहे. माझी आई आली तेव्हा तिला वाटलं, अभिषेकाचे दर लिहिलेत.

भाड्याचं घर बघताना ‘या संकुलात बंदूक चालत नाही ना?’ असं विचारू नका. भाडेकरूला तशी अट घालायला घरमालकाला २०१९ पासून मनाई आहे. ऑफिसही कर्मचाऱ्याला पार्किंगमधल्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर बंदूक ठेवू नको म्हणू शकत नाही. म्हणजे आजूबाजूला बंदुका आहेत हे धरूनच चाला. दिसत मात्र फारशा नाहीत. चौदा वर्षांत कमरेला उघडं पिस्तूल लावलेला साधा माणूस मी मोजून सहा-सातदा पाहिला असेन.

न दिसणाऱ्या बंदुकीचा विचार करावा लागतो तो गाडी चालवताना. पुण्यातला हॉर्न पुण्यातच ठेवून या. कुणी आडवं घातलं, बोट दाखवलं, तर जाऊ द्या. पोलिसाने थांबवलं तर आपली सवय असते उतरून ‘काय झालं साहेब’ करत चालत जायची. इथे ती घातक ठरू शकते. गाडीतच बसा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि कागद काढायला डॅशबोर्डकडे हात नेण्याआधी सांगा.

मुलीचं काय, हा प्रश्न तुम्ही शब्दांत विचारला नाहीत, पण तोच खरा आहे. खोटा धीर देणार नाही. २४ मे २०२२ ला टेक्सासातल्याच युव्हाल्डीच्या शाळेत गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. ६ मे २०२३ ला ॲलनच्या मॉलमध्ये आठ जण मारले गेले, त्यांत आपल्याकडून आलेली एक तरुण इंजिनीअर होती. ॲलन फ्रिस्कोपासून अर्ध्या तासावर. आम्ही त्याच मॉलमधून शाळेचे बूट आणतो. २०२३ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक ठेवायला सांगितलंय. मुलांची लॉकडाउन ड्रिल होते, म्हणजे शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याचा सराव: दिवे बंद, कोपऱ्यात गप्प बसायचं. माझा मुलगा पहिल्यांदा घरी येऊन म्हणाला, ‘आई, आज आम्ही लपाछपी खेळलो, पण कुणी शोधायलाच आलं नाही.’ मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. तुमच्या पत्नीला हे आधीच सांगून ठेवा.

तुमच्या हातात असलेली गोष्ट वेगळी आहे. मुलगी मैत्रिणीकडे खेळायला जाईल तेव्हा त्या आईला विचारायचं: घरात बंदूक आहे का, आणि कुलपात असते का? निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर टेक्सासात तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे, पण पोलीस येतात ते काही घडल्यावर. मला पहिल्यांदा विचारताना जीभ जड झाली होती. समोरची बाई जराही रागावली नाही. बेडरूममध्ये नेऊन तिजोरी दाखवली आणि म्हणाली, ‘बरं झालं विचारलंत, तुमच्याकडे कुठे असते?’

एक आपल्यातलं. इथली मंडळं गणपती आणि शिवजयंती बहुधा शाळांची सभागृहं भाड्याने घेऊन करतात. साडेपाच इंचांहून मोठ्या पात्याचं हत्यार रस्त्याने न्यायला टेक्सासने २०१७ पासून मोकळीक दिली, पण शाळेत नाही. पोवाड्यातली तलवार आणि दांडपट्टा लाकडी किंवा पुठ्ठ्याचाच हवा, किंवा शाळेची लेखी परवानगी. एका वर्षी आमचे मावळे लाटणी घेऊन लढले. टाळ्या कमी पडल्या नाहीत.

आणि बॅगा भरताना मुलीचं दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आत टाकू नका. हातातल्या बॅगेत निघालं तर विमानतळावर काढून घेतील, दप्तरातून शाळेत गेलं तर तुम्हाला बोलावणं येईल. इथे खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला नारिंगी रंग सक्तीचा असतो, आपल्याकडच्यांना नसतो, आणि लांबून पाहणाऱ्या पोलिसाला टिकल्यांचा वास येत नाही. ते तिथेच एखाद्या चुलतभावंडाला देऊन या. टिकल्यांच्या डब्या उरल्या असतील तर त्याही.