ऐंशीव्या वाढदिवसाची सहल आणि आजींचं ‘नको’

दिवाळीच्या आसपास आणि मे महिन्याच्या तोंडावर एक प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतो. ‘आईला घेऊन सगळ्यांनी कुठेतरी जायचं ठरवलंय. तिला झेपेल का? वाटेत काही झालं तर?’ विचारणारा माणूस बहुतेक वेळा घरात वादावादी करूनच आलेला असतो. एकाचं म्हणणं, आता नाही नेलं तर कधी नेणार. दुसऱ्याचं म्हणणं, या वयात कशाला नसता धोका. दोघंही प्रेमापोटीच बोलत असतात, त्यामुळे माघार कुणीच घेत नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब नाशिकचं, इंदिरानगरात राहणारं. आजी मार्गशीर्षात ऐंशी पूर्ण करणार होत्या. थोरला मुलगा त्यांच्याजवळ, धाकटा पुण्यात, लेक डोंबिवलीला. नातवंडं, एक नातसून आणि तिची दीड वर्षाची मुलगी. धाकट्याने उत्साहाने सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली, गणपतीपुळ्याच्या हॉटेलला अ‍ॅडव्हान्स भरला आणि समुद्राचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. थोरल्याने दोन दिवस उत्तरच दिलं नाही. मग फोनवर खटका उडाला. ‘दादा, तुम्ही तिला घरात कोंडून ठेवलंय.’ ‘तू पाहुण्यासारखा येतोस. रात्री तिच्यासाठी उठतं कोण?’

आणि आजींचं पालुपद एकच: ‘तुम्ही जाऊन या. मी घरी बरी आहे.’

माझ्याकडे आली ती थोरली सून. तिला भांडणापेक्षा वेगळंच काही खटकत होतं. ‘मॅडम, आईंना फिरायची हौस नाही असं नाही हो. 75 च्या पुढच्यांना एसटी फुकट झाली ना 2022 साली, तेव्हा भजनी मंडळाबरोबर सारख्या बाहेर असायच्या. त्र्यंबकला जा, वणीच्या गडावर जा. आधार कार्ड कायम पिशवीत. आणि दोन वर्षांपूर्वी एकदम बंद. विचारलं की म्हणतात, गुडघे दुखतात.’

गुडघे तर आधीही दुखतच होते. शिवाय गडावर 2018 पासून रोपवे आहे, पायऱ्यांचा प्रश्न उरलेला नाही. मी म्हटलं, आईंना घेऊन या, आणि पहिला अर्धा तास मी त्यांच्याशी एकटीने बोलेन. घरच्यांना हे जरा विचित्र वाटतं. पण ज्या माणसाला न्यायचं की नाही यावर चार जण महिनाभर वाद घालतात, त्या माणसाला दार लावून कुणी काही विचारलेलं नसतं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आजी आल्या. नऊवारी, खांद्यावर शाल, हातात कापडी पिशवी. बसण्याआधी त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘मोरी कुठंय इथं?’ जाऊन आल्या आणि समोरची गुबगुबीत खुर्ची सोडून दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मी पाणी पुढे केलं, तर ‘नको, आत्ताच घेतलं.’ सुनेने आधीच सांगितलं होतं की सकाळपासून त्यांनी जेमतेम अर्धा कप चहा घेतलाय.

सहलीचा विषय मी काढलाच नाही. भजनी मंडळाचा काढला. आजी खुलल्या. पेटी कोण वाजवतं, गौळण कोणाच्या आवाजात शोभते, सगळं सांगितलं. मग सोडलं का, असं विचारल्यावर बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या.

‘गडावरून परत येत होतो. दिंडोरीच्या पुढं कुठंतरी ट्रक उलटला होता, रस्ता तुंबला. तास झाला, दीड तास झाला. बायका उतरून शेताच्या कडेला जाऊन आल्या. मला गुडघ्यानं उकिडवं बसता येत नाही. म्हटलं, धरू कळ. नाही धरवली. सीटवरच झालं. कंडक्टर म्हणजे माझ्या नातवाएवढं पोरगं. त्यानं गुपचूप कुठूनतरी पोतं आणून सीटवर टाकलं अन् काही बोलला नाही. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.’

त्या दिवसापासून एसटी बंद. लग्नाला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. कीर्तनाला बसायचं तर शेवटच्या रांगेत. गणपतीपुळ्याचे दहा-बारा तास त्यांनी मनातल्या मनात मोजले होते, आणि सोळा माणसांची गाडी आपल्यासाठी कितीदा थांबवायची, या विचारानेच त्या ‘नको’ म्हणत होत्या. समुद्र त्यांना हवाच होता.

‘सुनेला माहीत आहे?’ मी विचारलं.

‘ठाऊक असंल. चादरी तीच धुते. पण कधी बोलली नाही.’

सुनेलाही वेगळं विचारलं. तिला खरोखरच माहीत होतं. ‘आईंना ओशाळवाणं वाटेल म्हणून मी विषय काढला नाही,’ ती म्हणाली. एका घरात, एका मोरीत कपडे धुणाऱ्या दोन बाया दोन वर्षं एकमेकींची लाज राखत गप्प राहिल्या. यात दोघींचा चांगुलपणाच आहे. पण त्यापायी औषधोपचार दोन वर्षं लांबले, हेही तितकंच खरं.

कारण लघवीवर ताबा न राहणं हे म्हातारपणाचं भोग म्हणून सोसायचं दुखणं नाही. उतारवयात, त्यातही बायकांत, ते खूप आढळतं, पण बहुतेकींना उपचारांनी निदान उतार तरी पडतो. आणि पाणी तोडणं हा तर उलटा उपाय. पाणी कमी पडलं की लघवी कडक होते, मूत्राशयाला आणखी चुरचुर होते, घाई वाढते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो. म्हाताऱ्या माणसाला वरून चक्कर येते, कधी भ्रमिष्टासारखं होतं. मग घरचे म्हणतात, ‘बघ, प्रवास झेपला नाही.’ झेपलेलं नसतं ते तहानलेलं राहणं.

समुपदेशक म्हणून माझं काम इथे संपत होतं, म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवून दिलं. (ही गोळी प्रवासासाठी परस्पर बंद करणारे लोक मला भेटतात. तसं कृपा करून करू नका.) ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम शिकवले, त्यांचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. लघवी लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने जाऊन यायचं, ही सवय लावली. दुपारनंतरचा चहा कमी झाला. पॅडला आजी आधी ‘हे लहान पोरांचं’ म्हणाल्या. लेकीने डोंबिवलीहून तीन प्रकारची पाकिटं आणली आणि दार लावून मायलेकी बराच वेळ हसत बसल्या होत्या, असं नंतर कळलं.

थोरल्या मुलाशीही बोलावं लागलं. त्याचं ‘काही झालं तर’ आईच्या तब्येतीपुरतं नव्हतं. वडील धाकट्याकडे पुण्याला गेले असताना वारले होते. दहाव्याला कुणीतरी नातेवाईक सहज बोलून गेले, ‘एवढ्या लांब पाठवायला नको होतं.’ धाकट्याला ते आठवतही नव्हतं. थोरल्याच्या मनात मात्र ते काट्यासारखं राहिलं होतं. आईला कुठेच न्यायचं नाही म्हणजे पुन्हा कुणी बोट दाखवणार नाही, असा त्याचा हिशेब. मी त्याला एवढंच विचारलं की आईला घरी ठेवून तिला काही झालं, तर तेच नातेवाईक काय म्हणतील? तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘शेवटचं कुठे नेलंही नाही, म्हणतील.’

मग सगळ्यांना एकत्र बसवलं. त्याआधी आजींशी ठरवून घेतलं होतं की मुलांना किती सांगायचं. त्या म्हणाल्या, कारण सांगू नका. ठीक. मी मुलांना एवढंच सांगितलं की गाडी दर तासाला थांबेल, आईंसाठी नव्हे, सगळ्यांसाठी, आणि का थांबलो असं कुणी विचारायचं नाही. धाकट्याने तोंड उघडलं, पण बायकोने त्याच्याकडे पाहिलं तसं मिटलं. मुलांना तपशील कळालाच पाहिजे, असा माझा मुळीच आग्रह नसतो. सोय झाली की पुरे.

आणि मग, महिनाभरात पहिल्यांदाच, आजींना विचारलं गेलं: कुठे जायचंय?

‘चांदवडला. माहेरी. मग गडावर.’

धाकट्याचा चेहरा पडला. ‘आई, चांदवडला काय बघायचंय?’ त्याला वाईट वाटणं साहजिकच होतं. वर्षभर पैसे बाजूला टाकले होते, आईला समुद्र दाखवायचा ही त्याची स्वतःची इच्छा होती. अशा वेळी धाकट्याला खलनायक ठरवून घर एक होतं, ते मला आवडत नाही. मी त्यालाच आखणीचं काम दिलं, आणि त्याने ते झकास केलं. आग्रा रोडने पिंपळगाव, वडाळीभोई, चांदवड. जेमतेम दीड तासाचा रस्ता. रात्री भावाच्या घरी मुक्काम. दुसऱ्या दिवशी देवळा, कळवणवरून नांदुरी, गड, आणि वणी-दिंडोरीमार्गे घरी. कुठलाच टप्पा फार लांब नाही. चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, म्हणून हे वृद्धांसाठी तसंही बरं.

मोठ्या नातवाने एका रविवारी बाइकवर हा रस्ता आधी पालथा घातला. कुठल्या पेट्रोलपंपावर कमोड आहे, कुठे नुसतं भारतीय पद्धतीचं, कुठे कडी लागत नाही, सगळं लिहून आणलं. वयस्कर माणसाला घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाने करावं असं हे काम आहे, आणि कुणीच करत नाही. हॉटेलचे रिव्ह्यू मात्र रात्र रात्र वाचतात. मामाच्या मळ्यातलं संडास अंगणापलीकडे, उकिडवं बसायचं. म्हणून घडीची कमोड खुर्ची न्यायची ठरली. भावजयीला दिसेल म्हणून आजी अडून बसल्या, तर नातीने ती खुर्ची ताडपत्रीत गुंडाळून वर ‘डेकोरेशन’ असं मार्करने लिहिलं. ट्रॅव्हलरची पायरी उंच असते, तिच्यासाठी घरातला पाट घेतला. आजींची जागा दारालगत, पण मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे धक्के कमी. गोळ्यांची यादी दोघांच्या मोबाइलमध्ये. वाटेत गरज पडली तर 108, हे ड्रायव्हरसकट सगळ्यांना माहीत.

प्रत्येक घराने निघावंच, असं मात्र मी म्हणणार नाही. नुकतंच दवाखान्यातून घरी आलेलं माणूस, बसल्या जागी धाप लागणारं माणूस, यांच्याबाबत डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. स्मृतिभ्रंश असेल तर अनोळखी ठिकाणी संध्याकाळनंतर गोंधळ वाढतो; तिथे मुक्काम टाळून दिवसाउजेडी घरी परतणं शहाणपणाचं. पण या अडचणी नसतील आणि तरीही म्हातारं माणूस सारखं ‘नको’ म्हणत असेल, तर आधी बाथरूमचं, जिन्याचं, झोपेचं आणि खर्चाचं विचारा. वयाचं सगळ्यात शेवटी.

सहलीचं मला सुनेच्या फोनवरून कळलं. निघायलाच दीड तास उशीर झाला, तो आजींमुळे नाही, नातसुनेच्या केसांमुळे. नांदुरीच्या घाटात दीड वर्षाच्या पोरीने धाकट्याच्या नव्या जॅकेटवर उलटी केली. मळ्यात ऐंशी दिव्यांनी औक्षण झालं, वाऱ्याने निम्मे विझले, पुन्हा लावले. भावजयीने ताडपत्री सोडून पाहिली आणि विचारलं, ‘ही कुठून घेतली? मलाही एक हवी.’ आजी आणि त्या रात्री बराच वेळ बोलत बसल्या.

दर तासाला थांबायचं ठरलं होतं खरं, पण पिंपळगावनंतर गाणी रंगात आली आणि ड्रायव्हर विसरला. वडाळीभोईच्या अलीकडे आजींनीच पुढे हाक मारली, ‘थांबव रे बाबा, मला जायचंय.’ सोळा माणसांसमोर. गाडी थांबली, आजींच्या मागोमाग आणखी पाच जणं उतरली.

व्यायाम चालू आहेत. रात्री अजून दोनदा उठावं लागतं, आधी चारदा लागायचं. गणपतीपुळ्याच्या अ‍ॅडव्हान्सपैकी निम्मेच पैसे परत मिळाले, त्यावरून भावांची थोडी धुसफूस झाली. धाकटा म्हणतो मे महिन्यात जाऊ, थोरला म्हणतो बघू. आजींचं म्हणणं, मे महिन्यात तिकडे फार उकडतं, दिवाळीनंतरचं बुकिंग करा.